धाकट्या जावेचा टायमर

आमच्या शाळेत एकाच घरातल्या दोन सुना शिकवतात. थोरली पहिलीला, धाकटी तिसरीला. नवरे सख्खे भाऊ, घरं एकाच मजल्यावर शेजारीशेजारी, मधे एक भिंत आणि तीही पातळ. मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो, आणि शाळेतून निवृत्त झालो असलो तरी ग्रंथालयाच्या कपाटांची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. म्हणजे दिवसा शाळेत आणि संध्याकाळी घरी, दोन्हीकडे माझी सोय आहे. लोक याला भोचकपणा म्हणतात. म्हणोत बापडे.

थोरलीला शाळेत सगळे टाळीबाई म्हणतात. मुलं कागद कापत, चिकटवत बसली की वेळ संपल्यावर ती एक टाळी वाजवते. मग दुसरी. मग "आवरा रे", मग "आवरा म्हटलं ना". आवरत कोणीच नाही. पुढच्या तासाचे खेळाचे सर शिट्टी गळ्यात अडकवून दाराशी ताटकळत असतात आणि आत डिंकाचा चिखल चाललेला असतो. पण पहिलीचा वर्ग म्हणजे तिचं माहेरच. ज्या बापांना तिने पेन्सिल धरायला शिकवलं, त्यांची मुलं आता तिच्यासमोर बसतात. दुसऱ्या कोणी त्या वर्गात नुसतं डोकावलं तरी तिच्या कपाळावर आठी पडते.

त्यात धाकटीने टायमर केला.

केला म्हणजे काय, प्रेझेंटेशन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एका स्लाइडवर मोठं हिरवं वर्तुळ काढलं आणि त्याला अ‍ॅनिमेशन लावलं. बटण दाबलं की वर्तुळ कडेकडेने पुसलं जायचं. अर्धं उरलं म्हणजे अर्धा वेळ उरला. ज्याला घड्याळ कळत नाही त्यालाही हे कळतं. मुलं भिंतीवरच्या त्या वर्तुळाकडे एक डोळा ठेवून काम करायची आणि वर्तुळ संपायच्या आत कात्र्या डब्यात. खेळाचे सर वेळेवर आत. दोन-तीन पालकांनी मुख्याध्यापिकांना येऊन विचारलं, पुढच्या वर्षी पहिलीलाही याच बाई मिळतील का?

हे टाळीबाईच्या कानावर घालायचं पुण्यकर्म कोणी केलं ते विचारू नका.

"त्यात काय एवढं?" ती म्हणाली. "गोल काढला आणि पुसला. मी फळ्यावर रोज काढते आणि पुसते."

पण जीव जळत होता. एरवी धाकटीचं अक्षर सुंदर, केस लांब, नवरा भांडी घासणारा, हे सगळं तिने कसंबसं गिळलं होतं. वर्तुळ काही गिळता येईना. त्या दिवशी तिचे यजमान जेवताना म्हणाले, "छान केलंय हो तिने." मग बिचाऱ्यांनी भात दोनदा मागितला, तो दोन्ही वेळा कोणाला ऐकू गेला नाही. आमची खिडकी समोर आहे, मला गेला.

तेवढ्यात मुख्याध्यापिकांनी जाहीर केलं, येत्या शुक्रवारी त्या पहिलीच्या वर्गात येऊन बसणार, आणि पुढच्या वर्षी पहिली कोणाकडे ते त्यानंतर ठरणार. टाळीबाईच्या तोंडचं पाणी पळालं. माहेर निघालं जावेच्या नावावर.

आता टायमर मागितला असता तर धाकटीने दिला असता, हसत हसत दिला असता. तेच तर नको होतं ना. म्हणून टाळीबाईंनी काय करावं? मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीतल्या, धाकटीने टायमर ठेवलेल्या कॉम्प्युटरसमोर त्या पेन ड्राइव्ह घेऊन बसल्या. मी विचारलं, "काय चाललंय?" तर म्हणाल्या, "प्रश्नपत्रिका घेतेय." पहिलीला प्रश्नपत्रिका. मी मान डोलावली आणि चष्मा पुसत तिथेच उभा राहिलो.

पुढचे दोन दिवस त्यांच्या घरात लॅपटॉपचा उजेड. तिने हिरव्या वर्तुळाचं नारिंगी केलं, त्याला दोन डोळे आणि हसरं तोंड काढलं. म्हणजे चोरीचा माल ओळखू नये. मग चालवून बघितलं. एकदा, दोनदा, कितीदा तरी. दर वेळी वर्तुळ झकास पुसलं जाई आणि डोळे आणि तोंड तेवढं शेवटपर्यंत तसंच हवेत लटकत राही. मग डोळ्या-तोंडालाही अ‍ॅनिमेशन लावलं, आणि अगदी शेवटी हौसेने वर तीन केस काढले. बाई मुळात हुशार, जळफळाटाने आणखी हुशार झालेली.

"आवाज का बंद ठेवलायस?" यजमानांनी विचारलं.

"पलीकडे ऐकू जाईल."

"वर्तुळाचा कसला आवाज?"

"तुम्ही गप्प बसा. तिचे कान तिखट आहेत."

घात झाला तो इथेच. धाकटीने वर्तुळाबरोबर आपला आवाजही भरून ठेवला होता. वर्तुळ संपलं की तो लागायचा. आणि ते आवाजाचं छोटं चित्र पडद्यावर दिसू नये म्हणून तिने ते स्लाइडच्या कडेबाहेर सरकवून ठेवलं होतं. थोरलीने स्लाइडच्या आतलं सगळं रंगवलं. कडेबाहेर कोण बघतो?

शुक्रवार उजाडला. मी वर्गात नव्हतो, पण शिपाई होता. प्रोजेक्टरची वायर सैल, ती धरून उभं राहायला त्याला बोलावलं होतं, आणि शिपाई एकही शब्द खाली सांडू देत नाही. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर. मुलं कागदाची पानं कापून झाडाला चिकटवतायत. भिंतीवर नारिंगी वर्तुळ हसतंय, हळूहळू पुसलं जातंय. टाळीबाई हाताची घडी घालून अशी उभी की सूर्य तिनेच घडवलाय. टाळी नाही, आरडाओरडा नाही. वर्तुळाची शेवटची फाक गेली, डोळे-तोंड गेले, आणि स्पीकरमधून धाकटीचा गोड आवाज आला:

"वेळ संपली हं. कात्र्या डब्यात, हात मांडीवर. शाब्बास माझ्या पिल्लांनो."

मुलांनी कात्र्या डब्यात टाकल्या, हात मांडीवर ठेवले. इतकी शिस्त त्या वर्गाने जन्मात पाहिली नव्हती. पुढच्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, "बाई, तिसरीच्या बाई भिंतीत बसल्यात का?"

टाळीबाईचा चेहरा, शिपाई सांगतो, आधी पांढरा झाला, मग वर्तुळाच्या रंगाचा.

मुख्याध्यापिकांनी शिपायालाच पाठवून धाकटीला बोलावलं. ती आली. पडद्याकडे बघितलं, तिथे शेवटी उरलेले तीन केस होते, त्यांना अ‍ॅनिमेशन लावायचं राहून गेलं होतं. मग जावेकडे बघितलं.

"हा आवाज तुमचा ना?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"हो मॅडम."

"आणि टायमर?"

धाकटी म्हणाली, "दोघींनी मिळून केलाय. चित्र ताईंचं, आवाज माझा. ताईंच्या आवाजाची मुलांना सवय झालीये म्हणे, ती ऐकत नाहीत."

मुख्याध्यापिका खूश. एका घरातल्या दोघी अशा मिळून काम करतात वगैरे बोलल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "मग पहिली तुमच्याकडेच राहू दे. हिची मदत घेत जा."

आता तुम्ही म्हणाल, टाळीबाई सुटली, धाकटीचे पाय धरले असतील. छे. ती दिवसभर धुमसत होती. पकडली गेली असती तर परवडलं असतं, पण त्या सटवीने उपकार केले. आता घरीदारी ती मोठ्या मनाची, आणि ही कोण? थोरलीला मोठ्या मनाचीच तेवढी जागा उरली होती, तीही घेतली तिने.

संध्याकाळी धाकटी त्यांच्या स्वयंपाकघरात आली. थोरली बटाटे सोलत होती, सालीबरोबर अर्धा बटाटा जात होता. मी माझ्या खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होतो. कुंडी भरून वाहिली तरी घालत होतो.

"कशाला खोटं बोललीस माझ्यासाठी?" थोरलीने मान वर न करता विचारलं.

"ताई, खरं सांगू? रागावू नका."

"रागावायचं तेवढं रागावून झालंय."

"तुमच्यासाठी नाही बोलले. तुमचं पितळ उघडं पडलं असतं, तर पहिली माझ्या गळ्यात पडली असती. मला नकोय ती. नाकं पुसा, नाड्या बांधा, कोणी डिंक खाल्ला ते बघा. मी मॅडमना केव्हाच सांगितलंय, तिसरीतून सोडवा आणि सातवी द्या म्हणून."

सुरी थांबली.

"नकोय म्हणजे?"

"म्हणजे नको."

"काय वाईट आहे माझ्या पहिलीत?"

"वाईट नाही हो ताई. तुम्हाला शोभते. मला नको, एवढंच."

"सगळे पालक तुझ्या नावाने हाका मारतायत, आणि तुला नको?"

"मारू देत. मला सातवी हवीय. त्यांच्याशी बोलता तरी येतं."

धाकटी दोन बटाटे उचलून भाजीला घेऊन गेली. थोरली सोललेला बटाटाच पुन्हा सोलत बसली. आयुष्यभर ज्या वर्गाच्या दारावर तिने पहारा दिला, तो चोरायला कोणी आलंच नव्हतं. असं काही कळलं की पहारेकऱ्याला आपल्या मालाचाच संशय येतो. सोमवारी ती वर्गात गेली, पण तिने मुलांकडे अशा नजरेने पाहिलं, जशी घरी आणलेली साडी दुकानातल्या दुसऱ्या साडीच्या आठवणीने बघावी.

मंगळवारी ती ग्रंथालयात आली. इकडचं तिकडचं बोलली. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, जी तिने आजवर कधी केली नव्हती. मग कपाटाकडे बघत म्हणाली, "सातवीचं विज्ञानाचं पुस्तक आहे का हो? सहज. बघायला."

"आहे. एकच प्रत आहे."

"द्या मग. चाळून परत करते."

पुस्तक पिशवीत घालून ती गेली. तासाभराने धाकटी आली आणि तेच पुस्तक मागू लागली. पुढच्या वर्षाची तयारी करायची होती तिला.

"बाहेर गेलंय," मी म्हणालो.

"कोणी नेलं?"

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. अशा गोष्टी घाईत सांगितल्या तर त्यांची चव जाते.

"तुमच्या जाऊबाईंनी."

ती कपाटातली रिकामी फट बघत उभी राहिली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला तिच्या कपाळावर आठी दिसली.