विटांवरची गाडी

गॅरेजमध्ये त्याला सगळे पेंटर म्हणत. घरी बायको रागावली की तीही पेंटरच म्हणे, म्हणजे बहुतेक वेळा पेंटरच. वय छप्पन्न, आणि त्यातली छत्तीस वर्षं दुसऱ्यांनी ठोकून आणलेल्या गाड्या रंगवण्यात गेलेली. दरवाजा घासा, पुट्टी भरा, पुन्हा घासा, प्रायमर मारा, रंग जुळवा आणि मग गिऱ्हाईक आलं की त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहा. "इथे जरा वेगळा शेड वाटतोय," असं म्हणणारा एखादा महाभाग रोज भेटायचाच. संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत खांदे भरून आलेले असत, आणि बोलायचं सोडाच, चप्पल काढायचाही कंटाळा येई.

असा माणूस सुट्टीच्या दिवशी काय करेल? झोपेल. हा पठ्ठ्या गाड्याच करत बसे, फक्त चोवीस पट लहान. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली त्याचं टेबल होतं. त्यावर चिमटे, पाती, सुईएवढे ब्रश आणि गोंदाच्या बाटल्या. स्टेपलरच्या पिनेचा वायपर, बायकोच्या फाटक्या पर्सच्या कातड्याची सीट, टूथब्रशच्या केसाची एरियल. पलीकडच्या फळीवर एकोणचाळीस गाड्या ओळीने उभ्या होत्या.

"आपल्याकडे पाहुण्यांना बसायला जागा नाही, पण गाड्यांना पार्किंग आहे," बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. पण फळीवरची धूळ तीच झाडायची, तीही मेकअपच्या ब्रशने, एकेका गाडीची.

त्या एकोणचाळीसांत एकही गाडी नवी नव्हती. चकचकीत गाडी काय कुणीही करतो, असं त्याचं म्हणणं. त्याचा हात बसला होता तो गंजावर. पत्रा आधी कुठे फुगतो, रंग कुठून सोलतो, पावसाचं पाणी दाराखालून कसं तांबडं होऊन ओघळतं, हे त्याने आयुष्यभर नाकासमोर पाहिलेलं. दिवसभर लोकांच्या गाड्यांचा गंज काढायचा आणि सकाळी उठून आपल्या गाड्यांना तो लावायचा, असा उलटा कारभार. शहरातले हौशी लोक त्याच्या गाड्या बघायला येत आणि तोंडात बोट घालत. तेवढंच त्याला बरं वाटे.

एका रविवारी ताईचा फोन आला. ताई त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. दोन तासांच्या अंतरावर एकटी राहायची.

"छोट्या, माझे डोळे चाललेत रे," ती म्हणाली. जणू दूध संपलंय असं सांगावं, तशा आवाजात. "डॉक्टर म्हणाले, आता औषध नाही. चार-सहा महिने दिसेल, मग अंधुक, मग तेही नाही."

त्याने हातातला ब्रश खाली ठेवला.

"ऐक ना. तू त्या छोट्या गाड्या करतोस ना? मला बाबांची गाडी करून दे. दिसतंय तोवर एकदा बघायची आहे. फोटो तर सगळे ओल लागून गेले."

"करतो," तो म्हणाला. नाही कसं म्हणणार? आई गेल्यावर त्याला हिनेच न्हाऊ-माखू घातलेलं.

पण फोन ठेवल्यावर जुनी अढी पुन्हा वर आली. बाबांचं दुकान जोरात होतं तेव्हा ताई होती. गाडी नवी होती तेव्हा ताई होती. मग दुकान बुडालं, ताई सोळाव्या वर्षीच लग्न होऊन गेली, आणि याला कळायला लागलं तेव्हा गाडी घरासमोर चार विटांवर उभी होती. बॅटरी विकलेली, टायर बसलेले. तो तासन्‌तास तिच्या स्टिअरिंगला लोंबकळायचा, तोंडाने हॉर्न वाजवायचा, पण ती जागची हलली नाही ती नाहीच. सातवीत असताना भंगारवाला तिला ट्रकवर घालून घेऊन गेला. ताईच्या वाट्याला गाडी आली आणि माझ्या वाट्याला सांगाडा, असं त्याने बायकोला हजारदा ऐकवलं होतं. ताईला एकदाही नाही.

तो कामाला लागला. गॅरेजला जाण्याआधीचे दोन तास आणि सगळे रविवार. त्या गाडीचे तयार भाग कुठेच मिळत नव्हते, म्हणून प्लास्टिकच्या पत्र्यातून एकेक दार कापावं लागलं. छत तीनदा बिघडलं. मान धरली, पाठीने संप पुकारला, चष्म्याचा नंबर वाढला. बायको म्हणाली, "ताईंचे डोळे जायच्या आत तुमचे जातील." तो हसलाही नाही, इतका थकला होता.

रंग मात्र रीतसर चढवला. आधी गडद निळा, कारखान्यातून आल्यासारखा, आणि त्यावर पारदर्शक लॅकर. दाराच्या आतल्या कडेला उरलेला निळा त्याने लहानपणी पाहिला होता, तेवढ्यावरून शेड जुळवला. नवी झाल्याशिवाय गाडी जुनी करता येत नाही, हा त्याचा नियम. मग त्या निळ्यावर त्याने तेलरंगाने वर्षं चढवली. बॉनेटवर उन्हाने आलेला पांढुरका विटकेपणा, दारांखालचे ओघळ, मडगार्डवरची तांबडी भोकं. टायर खालून घासून बसके केले. चार विटाही केल्या, खऱ्या विटेची भुकटी करून. पाच महिन्यांनी गाडी टेबलावर उभी राहिली तेव्हा त्याचा ऊर भरून आला. असं काम त्याच्या हातून पुन्हा होणार नव्हतं.

फक्त एक गोष्ट त्याने केली नाही. ताईला काही विचारलं नाही. छत्तीस वर्षं गिऱ्हाइकांनी शेड शिकवल्यामुळे असेल, रंगाच्या बाबतीत कुणाला विचारणं त्याच्या स्वभावातच राहिलं नव्हतं.

तो बसने गेला, खोका मांडीवर धरून. वाटेत काही निखळलं तर असावं म्हणून पिशवीत चिमटा, गोंद, कापूस आणि टर्पेंटाइनची बाटली घेतली होती. ताईने दार उघडलं आणि त्याच्या खांद्याच्या जरा बाजूला बघत म्हणाली, "आलास?" पाच महिन्यांत इतकं झालं होतं.

खिडकीजवळ खुर्ची ओढून ती बसली. त्याने गाडी तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती नाकाला टेकेल इतकी जवळ नेली, मग उजेडाकडे, मग पुन्हा जवळ.

"किती मळलीय रे," ताई म्हणाली. तिने कमरेचा रुमाल काढला आणि बॉनेट पुसायला लागली. "बसमधली धूळ असेल."

"धूळ नाही गं ती. गंज आहे. मी केलाय."

"गंज? बाबांच्या गाडीला?" तिचा हात थांबला. "आणि खाली हे काय?"

"विटा."

ताईने गाडी हळूच टेबलावर ठेवली, परक्याची वस्तू ठेवावी तशी. "छान केलीयेस," ती म्हणाली. "पण ही कुठली रे? आपली निळी होती. चेहरा दिसायचा तिच्या दारात."

त्याला संताप आला. पाच महिने, मान, पाठ, डोळे! "मी हीच पाहिलीय, ताई," तो म्हणाला. "मला निळी कुणी दाखवली? तू बसलीस त्या गाडीत. मी कधी बसलोच नाही."

ताईचे डोळे खिडकीकडे वळले आणि तिथेही ते कशावर थांबेनात. ते बघून त्याचा राग जागच्या जागी विझला. हिच्याकडे आता किती दिवस होते? आणि त्यातला एक आपण भांडणात घालवतोय.

त्याने पिशवीतून कापूस काढला, टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि बॉनेटवरून फिरवला. लॅकरखालच्या रंगाला धक्का न लागता वरचा तेलरंग सुटायला लागला. पहिला बोळा तांबडा झाला, दुसरा तांबडा झाला. पाच महिन्यांचं काम, जन्मातलं सगळ्यात चांगलं काम, बोळ्याबोळ्याने वर्तमानपत्रावर जमा होत होतं. हात दुखत होते. त्याला रडू येत होतं आणि तो पुसत होता. शेवटी त्याने विटा काढून खिशात टाकल्या. टायर तेवढे बसकेच राहिले, ते काही बदलता येण्यासारखं नव्हतं. ताईला ते दिसलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

"आता बघ."

ताईने गाडी उजेडात धरली आणि तिचा सगळा चेहरा हलला. "अगंबाई," ती म्हणाली. "हीच. हीच रे, छोट्या." ती गाडी गालाला लावून बसली. मग तिने करंगळीचं टोक पुढच्या डाव्या खिडकीतून आत घालायचा प्रयत्न केला. "आणि इथे तू."

"मी?"

"मग कोण? वर्षाचाही नव्हतास. आई गेली आणि तू झोपेनासाच झालास. रडून रडून घर डोक्यावर घ्यायचास. मग बाबा दुकान बंद करून यायचे, तुला माझ्या मांडीवर द्यायचे आणि गाडी काढायचे. पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि परत यायचं. रोज. तुझ्यासाठीच तर काढायचे ती गाडी. तू झोपलास की मगच आम्ही जेवायचो."

त्याने आठवून पाहिलं. काहीच आठवलं नाही. त्या दमलेल्या माणसाने टर्पेंटाइनचे हात तसेच तोंडावर धरले आणि तो ताईच्या पायाशी जमिनीवर बसला.

"कसा झोपायचो गं मी?" त्याने विचारलं.

"तोंड उघडं टाकून," ताई म्हणाली. "माझ्या फ्रॉकवर लाळ गाळत."