कासारबंदरचा पहिला मान

कल्याण स्टेशनबाहेर टांगा ठरवताना मी कासारबंदरचं नाव घेतलं. टांगेवाला म्हणाला, पूल बांधून तयार आहे, पण उद्या उद्घाटन होईपर्यंत त्यावरून कुणालाच सोडत नाहीत. तुम्हाला होडीनेच जावं लागेल. त्या उद्घाटनाचा वक्ता मीच आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. साताऱ्याहून एवढ्या लांब येण्याचं दुसरं कारणही सांगितलं नाही. वाचकांना मात्र ते आधीच सांगून टाकतो. कासारबंदरच्या दादासाहेबांच्या पुतण्याशी माझ्या कुसुमच्या लग्नाची बोलणी चालली होती. दादासाहेब गावच्या विकास मंडळाचे अध्यक्ष, मी इतिहासाचा शिक्षक. त्यांनी गावाच्या इतिहासावर बोलायला बोलावलं आणि मी त्या निमित्ताने मुलीचं होणारं सासर बघायला निघालो.

कासारबंदर हे हद्दीवरचं गाव. अलीकडे कल्याण तालुका, पलीकडे भिवंडी, मधे उल्हास नदीचं भरती-ओहोटीचं पाणी. नदीतून पाहिलं की आधी दगडी धक्का दिसतो, मग धक्क्याला बिलगून गवताने शाकारलेली नावाड्यांची घरं, त्यांच्या मागे चढावर बंदरदेवीचं देऊळ, आणि व्यापारी पेठ सगळ्यांच्या मागे. मी पोचलो तेव्हा सुकती (ओहोटी) लागली होती. होडी धक्क्यापासून बरीच अलीकडे गाळात बसली. मी मोठ्या हुशारीने पाय खाली टाकला तो गुडघ्यापर्यंत रुतला. पाय निघाला, वहाण राहिली. पदू नावाच्या होडीवाल्याने मला पाठुंगळी घेतलं. भाषणाला मास्तर येणार हे गावाला ठाऊक होतं; मागून एक बाई म्हणाली, "जपून रं पदू. मास्तर सांडलं तं गाव अडानी राहील." सगळी होडी हसली. मीही हसलो.

दादासाहेबांच्या घरी पाय धुवायला ऊन पाणी, बसायला पाट, पानात वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी आणि तांदळाच्या पातळ भाकऱ्या. मुलगा समोर बसला होता. नम्र, शिकलेला, दिसायला चांगला. माझ्या मनाने तेव्हाच अक्षता टाकल्या होत्या, हे कबूल करतो. जेवण झाल्यावर दादासाहेबांनी सुपारी कातरत विषय काढला. पूल झाला म्हणजे होड्यांचं काम संपलं. धक्क्यावरची घरं हलवून तिथं विटांची आणि रेतीची गुदामं बांधायची होती. अडचण एकच होती. उद्या जे अधिकारी येणार, त्यांचं म्हणणं असं की वस्ती जुनी असेल तर ती उठवता येणार नाही. पुलाच्या कामाबरोबर आलेली असेल तर येईल.

"तुम्ही इतिहासाचे माणूस," दादासाहेब म्हणाले. "तुमच्या तोंडून आलं म्हणजे वाद राहणार नाही. आणि आता आपण काय परके आहोत?"

मी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती ऐकल्याची, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी ठरवलं नाही.

सकाळी देवळात गेलो. चैत्री पौर्णिमा होती, म्हणजे त्याच दिवशी जत्रा. गुरव समया घाशीत बसला होता. त्याला गप्पा मारायला माणूस हवाच होता. त्याने सांगितलं की कधीकाळी इथं कासारांच्या होड्या बांगड्या घेऊन येत, त्यावरून गावाला नाव पडलं. इथून भात, सागवान आणि गवताचे भारे मुंबईला जात. आगगाडी आली आणि बंदर झोपलं. मग लढाईच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी पडली, विटा लागल्या, आणि नदीकाठी भट्ट्या धुमसू लागल्या. फाळणीनंतर त्याच छावणीत निर्वासित आले, घरं उठू लागली, तशी नदीतल्या रेतीलाही किंमत आली. दादासाहेबांची माडी त्या रेतीवर उभी आहे, असं तो हसत म्हणाला आणि त्याने लगेच दाराकडे पाहिलं.

मी पालखीबद्दल विचारलं. त्याने जे सांगितलं ते या साऱ्या प्रवासातलं मुख्य आहे. या गावात जे आधी आले त्यांचा मान आधी. पहिला विडा नावाड्यांच्या घरी जातो. त्यांच्यातली सर्वांत वडील बाई तो घेऊन येते, देवीपुढे ठेवते, आणि पहिला खांदा त्यांचा लागतो. मग शेतीवाले आगरी, मग इतर, सगळ्यांत शेवटी पेठ. दादासाहेबांच्या वडिलांनी क्रम बदलायचा प्रयत्न केला होता. पालखीला हात लावायला कुणी तयार होईना, तेव्हा सोडून दिला. एखाद्या इतिहासकाराला गाव आपला जन्म याहून स्पष्ट काय सांगणार? मी सभेला जायच्या आधीच सगळं ओळखून होतो. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर मला कुणी अज्ञानाची सवलत देऊ नये.

सभा पुलाच्या तोंडाशी मांडवात झाली. हार, फोटो, लाऊडस्पीकरची शिट्टी. अधिकारी पहिल्या रांगेत होते. दादासाहेबांचा पुतण्या माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. मी बांगड्यांवर बोललो, सागवानावर बोललो, आगगाडीवर बोललो. आणि मग, आवाज जराही न कापता, म्हणालो की धक्क्यावरची सध्याची वस्ती पुलाच्या बांधकामाबरोबर आलेल्या मजुरांची दिसते. ज्याच्या पाठीवर बसून मी या गावात आलो, तो पदू मांडवाच्या कनातीपाशी उभा होता. टाळ्या झाल्या. तो टाळी न वाजवता निघून गेला.

मला राग आला तो संध्याकाळी, आणि आधी तो स्वतःवर नव्हता. दिवे लागायच्या सुमाराला विकास मंडळाचीच माणसं वाजंत्री घेऊन, तबकात विडा-नारळ ठेवून, नावाड्यांच्या दाराशी गेली. सकाळी ज्यांना उपरे ठरवून टाळ्या वाजवल्या, त्यांच्याच दारात पहिला मान घेऊन जायला यांतल्या एकालाही लाज वाटली नाही. अधिकाऱ्यापुढे हे लोक कालचे, आणि देवीपुढे मात्र गावातले पहिले! देवीचा कोप होईल ही भीती खरी, आणि माणसांची घरं पाडायची तयारीही तितकीच खरी. दोन्ही एकाच डोक्यात सुखाने नांदत होती. एवढा निर्लज्जपणा मी तरी पाहिला नव्हता. मग लक्षात आलं की त्या निर्लज्जपणाला शब्द माझे होते.

वाजंत्री परत आली, तबकासकट. पदूच्या आईने, बायजाआजीने, विडा घेतला नव्हता.

दादासाहेब घामाघूम झाले. त्यांनी मलाच पाठवलं; मास्तरांचं ऐकतील म्हणाले. मी गेलो. बायजाआजी ओट्यावर जाळं सोडवत बसली होती. तिने बसायला घोंगडी टाकली, गूळ-पाणी दिलं. मी देवीच्या नावाने, गावाच्या एकोप्याच्या नावाने जे काही बोललो ते आठवायलाही नको वाटतं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुमीच सांगलाव ना मांडवान, आमी पुलाच्या मागशी आलूं," ती म्हणाली. "पोरान येऊन सगला सांगला मना. काल आलेल्या मानसाना पयला मान नसतो, मास्तर. ज्यांचा गाव हाय त्यांनी उचलावी पालखी."

तिच्या आवाजात राग नव्हता. जाळ्यातली गाठ सुटली तशी तिने पुढची हातात घेतली.

मी देवळाशी परतलो. दादासाहेबांनी विचारलं काय म्हणाली. मी म्हणालो, ऐकत नाहीत. त्यांनी भट्टीवरच्या मजुरांना पुढे व्हायला सांगितलं. मजुरांनी हात पाठीमागे नेले. आगरी शेतकरी देवळाच्या पायरीवर बसले आणि बसूनच राहिले. पेठेतले व्यापारी एकमेकांकडे पाहू लागले. फुलांनी मढवलेली पालखी मंडपात जिथल्या तिथे राहिली आणि वाजंत्रीवाल्यांनी एकेक करून वाद्यं खाली ठेवली. अधिकारी अजून तिथेच होते, पालखी का उठत नाही हे शेजाऱ्याला विचारत होते. त्यांना उत्तर द्यायला माझं एक वाक्य पुरलं असतं. माझ्या शेजारी पुतण्या उभा होता. मी ते वाक्य बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दादासाहेबांच्या मोटारीने पूल ओलांडून कल्याणला आलो. पूल चांगला आहे, हे सांगायलाच हवं. माझा राग पुलावर नाही. भरती-सुकतीची वाट न पाहता बाळंतीण आता कल्याणच्या दवाखान्यात पोचेल. पण पूल बांधायचा म्हणजे जुनी माणसं उपटायची, आणि ती उपटायला आधी त्यांचा इतिहास उपटायचा, हे कुणी ठरवलं? गावाची प्रगती म्हणजे मागून आलेल्यांनी पुढे बसायचं, एवढाच तिचा अर्थ असेल, तर तिच्या उद्घाटनाला इतिहासाच्या मास्तरची गरजच काय? गरज होती. खोट्याला विद्वान लागतो.

साताऱ्याला परतल्यावर आठवड्याभरात कासारबंदरहून होकार आला. घरात पेढे वाटले गेले. मी हा मजकूर लिहून काढला आणि तो दिवाळी अंकाला द्यायचं ठरवलं. तोवर लग्न आटोपलं असतं. इतका हिशेबीपणा प्रामाणिक माणसातही असतो, अशी मी माझी समजूत घातली. तरी कुसुमला दाखवल्याशिवाय राहवेना. तिने बसल्या जागी सगळं वाचलं. मग विचारलं, ती घरं कधी पाडणार आहेत. मी म्हणालो, पावसाळा संपला की.

"मग दिवाळीपर्यंत तिथं गुदाम उभं राहील, बाबा," ती म्हणाली, आणि चष्मा व शाई माझ्यापुढे सरकवून स्वयंपाकघरात गेली. हे आत्ताच छापलं तर होकाराचं काय होणार, हे तिला कळत होतं.

म्हणून दिवाळीची वाट न पाहता हे याच महिन्याच्या अंकात देतो आहे. कासारबंदरच्या धक्क्यावरची वस्ती ही त्या गावातली सर्वांत जुनी वस्ती आहे. सभेत मी सांगितलं ते खोटं होतं, आणि सांगतानाही मला ते ठाऊक होतं.