विमानं परत येईपर्यंत

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात कामावर होतो. दीड महिना झाला… पण त्या फोनपेक्षा कनेरगाव नाक्यावरचं त्यांचं बोलणंच मला जास्त छळतं. आठच दिवस आधी ते मला बसवर सोडायला आले होते. "आजच्याला राहून जा. छातीत बरं वाटून न्हाई राह्यलं. उद्या दोघं मिळून हिंगोलीला डॉक्टरकडं जाऊ," म्हणाले. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझी रजा संपलेली, वाशिमची बस समोर दिसत होती. मी हसून म्हणालो, "मामा, जहाज थांबत नसतं, तुमीच म्हणता ना?" तेही हसले. "व्हय, बराबर हाय," म्हणत त्यांनी स्वतःच बसला हात केला.

मामा सेनगावकडच्या मेंढपाळाचा मुलगा; नौदलात गेले आणि एकाहत्तरच्या लढाईत विमानवाहू जहाजावर होते. उडण्याआधी विमानाच्या चाकांपुढची अडणी काढायची, हे त्यांचं काम. मी शाळेत असताना, नव्वदच्या आसपास, दर सव्वीस जानेवारीला त्यांचं भाषण असे. "विमानं माघारी येतात तवा त्यांचं तेल संपत आलेलं असतं. जहाजानं वाऱ्याला तोंड देऊन पळतच राहावं, तरच त्यांना उतरता येतं. माणूस समुद्रात पडला तरी जहाज थांबत नसतं!" आम्ही टाळ्यांचा कडकडाट करायचो. पुढे कुणी रडत बसलं की मीही हेच ऐकवू लागलो. मोठा शहाणा!

परवा मामीला भेटलो. नाक्यावरचं सगळं रडत सांगितलं.

"जहाज थांबत नसतं, हे बोल त्यांच्या साहेबाचे," ती म्हणाली. "विमानाच्या झोतानं ह्यांचा जोडीदार समुद्रात फेकला गेला. हे 'जहाज थांबवा, थांबवा' म्हणून वरडले, तवा साहेब तसं बोलला. मागून हेलिकॉप्टरनं लई हुडकलं, घावला न्हाई. आपण मेंढरामागची माणसं. कोकरू मागं राह्यलं तर अख्खा कळप उभा करतो. ह्यांना ते कसं पटावं? शाळेत भाषण करून आले की त्या दिवशी जेवत नसत."

मी एवढंच विचारलं, "माझ्यावर रागावले होते का?"

"राग कशाचा, लेकरा? तुझी बस गेली तरी दिवस मावळेस्तोवर नाक्यावरच बसले होते. म्हणले, पोरगं पुढं कुठंतरी उतरून माघारी येईल."