डोळे मिटून म्हणायचं वाक्य

कल्पना करा, तुम्हाला एक लांबलचक इंग्रजी वाक्य दिलंय आणि त्याचे सांधे मोकळे करायचे आहेत. 'नो पर्सन शॅल ओपन एनी लाइन अनलेस इट हॅज बीन ड्रेन्ड अँड डीप्रेशराइज्ड.' आधी क्रियापद शोधा. मग ते काम कोण करतंय ते बघा. मग 'अनलेस'वर बोट ठेवा. सांधा तिथे आहे. अलीकडे मुख्य वाक्य, पलीकडे त्याला लटकलेलं गौण वाक्य. अलीकडचं म्हणतं, कुणीही लाइन, म्हणजे रसायनाचा पाइप, उघडू नये. पलीकडचं म्हणतं, आतलं सगळं काढून दाब उतरवल्याशिवाय.

जमलं? प्रियंका वरठाला हे जमायला अख्खा पावसाळा लागला. तारापूरच्या एका केमिकल कंपनीत ती ठेकेदाराकडून लागलेली ऑपरेटर. आयटीआय मराठीतून झालेली. पाळी सुटली की बेटेगावच्या खोलीवर न जाता ती बोईसरला समिधा मॅडमच्या इंग्रजीच्या क्लासला बसायची. केवल वाक्य, संयुक्त वाक्य, मिश्र वाक्य. ज्या दिवशी हे वाक्य तिला उलगडलं, त्या दिवशी खरं तर आनंद व्हायला हवा होता. झाला संताप.

कारण हे वाक्य कंपनीत रोज सकाळी म्हटलं जायचं. रांगेत उभं राहायचं, हेल्मेट काढून छातीशी धरायचं, डोळे मिटायचे. सेफ्टी ऑफिसर हर्षित सर तुकड्यातुकड्याने सांगायचे, मागून सगळे म्हणायचे. बिहारचे, ओडिशाचे, डोंगरातल्या पाड्यांवरचे. शेवटी टाळ्या. सगळ्यांत खणखणीत आवाज प्रियंकाच्या देवूमामाचा. सेफ्टी वीकमध्ये पाठांतराचं पहिलं बक्षीसही त्यालाच, स्टीलचा डबा.

"मामा, त्याचा अर्थ माहीत हाय का?" जेवणाच्या सुट्टीत तिने विचारलं.

"अर्थ कशाला? प्रार्थना हाय ती," भाकरी मोडत देवूमामा म्हणाला. "आमी शाळेत म्हणायचो तशी. म्हटली का दिवस नीट जातो."

"प्रार्थना नाय, हुकूम हाय."

"डोळे मिटायला लावून कोण हुकूम देतो गं येडे?"

तिने समजावलं. मामा हो हो करत डबा धुवायला गेला. रोजच्या त्या रांगेपुढे भाचीचं एकदाचं सांगणं किती टिकणार?

म्हणून ती हर्षित सरांकडे गेली. "सर, त्या एका वाक्याची चार करू या. लाइन बंद करा. आतलं सगळं काढा. दाब शून्य झाला का बघा. मगच उघडा. मराठीत आणि हिंदीत."

"अगं, हे स्टँडर्ड वाक्य आहे. ऑडिटर बाहेरून येतात. आणि लोक म्हणतात किती छान! तू क्लास लावलास म्हणून आता आम्हालाच शिकवणार?"

"त्यांना कळत नाही, सर."

"असं ते म्हणाले? उद्या त्यांनाच विचारू."

आणि खरंच विचारलं. भर रांगेत, ठेकेदाराला शेजारी उभा करून. "किसको समझ में नहीं आता? हाथ ऊपर!"

एकही हात वर गेला नाही. ठेकेदारासमोर कोण हात वर करणार? प्रियंकाने एकटीने केला, तेव्हा सर हसले. "तुला तर येतं!" रांगही हसली. मामासुद्धा.

दिवाळीनंतर ऑडिट झालं. सकाळी वाक्य इतकं सुरेख म्हटलं गेलं की ऑडिटरने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला. दुपारी मामाला एका पाइपच्या जोडातलं गळकं गॅस्केट बदलायला सांगितलं. त्याने बोल्ट सैल केले. आत अ‍ॅसिड शिल्लक होतं.

कुशल नावाच्या बिहारी पोराने त्याला ढकलत शॉवरखाली नेलं, म्हणून डोळे वाचले. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यात मामा पट्टीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सकाळी म्हटली होती गं मी. मोठ्यानं म्हटली होती."

प्रियंकाला त्याच्यावरही ओरडावंसं वाटलं. पण त्याने चुकीचं काय समजलं होतं? रांग, मिटलेले डोळे, न कळणारी भाषा. प्रार्थना म्हणजे याहून वेगळं काय असतं?

चौकशी लागली. चूक मामाची ठरली, तर हात बरा झाला तरी गेट त्याला बंद होणार होतं. मॅनेजरने प्रियंकाला बोलावलं.

"देवूला सूचना येत होती?"

"तोंडपाठ होती. पण..."

"बक्षीस मिळालंय त्याला, सर," हर्षित सर मध्येच म्हणाले.

"मग प्रश्नच मिटला. माहीत असून उघडली."

"माहीत नव्हती!" प्रियंकाचा आवाज बाहेरच्या पॅसेजपर्यंत गेला. "तुम्ही ती त्याच्याकडून फक्त म्हणवून घेतलीत. मी सांगायला आले होते, तेव्हा तुम्ही हसलात."

"हळू बोल. आपला आत्ताचा विषय तो नाही."

"मग कधी असतो तो विषय?"

मॅनेजरने शिपायाला दार उघडायची खूण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रांग. हेल्मेटं छातीशी, डोळे मिटलेले. हर्षित सरांनी पहिला तुकडा सांगितला आणि सगळ्यांनी तो उचलला. मामाच्या जागेवर नवा माणूस होता, तोही ओठ हलवत होता. प्रियंका डोळे सताड उघडे ठेवून, तोंड घट्ट मिटून उभी राहिली. सरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "प्रियंका, म्हणत का नाहीस?"

"म्हणते, सर. आधी एवढंच सांगा, हे वाक्य नक्की कुणाला वाचवायला लिहिलंय?"