माल्टाची वाळू

लातुरात माझं सहलींचं ऑफिस आहे. उदगीरचे एक काका दर मंगळवारी यायचे. गळ्यात चांदीची लिंगाची डबी. एकाच बेटाचं विचारायचे, माल्टाचं. ऊन कसं असतं, समुद्र किती लांब. त्या बेटाचं जुनं कॅलेंडर बायकोनं स्वयंपाकघरातून कधी उतरवलंच नाही, म्हणायचे. मला वाटायचं, दोघं जाणार.

एका मंगळवारी त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत माती होती.

“आमच्या लिंगायतांत जाळत न्हाईत, पुरत्यात. अस्थी कुठल्या आणू? ही तिच्या समाधीवरली माती हाय. विमानात नेऊ देत्यात का?”

“नाही हो काका.”

त्यांनी गाठ परत बांधली. “मग तिथली वाळू तरी हितं आणता येती का?”

येते, म्हणालो. खरं तर तेही चालत नाही.