लाल दगडाची खूण

दोह्यातल्या सूक वाकिफ बाजारात अरबांचे थोब, म्हणजे लांब झगे, शिवायचं आमचं दुकान. त्याचा म्हातारा मालक वारला आणि त्याच्या पोरांनी दुकान विकलं. फुटबॉलचा वर्ल्ड कप यायचा होता, मेट्रोसाठी रस्ते उकरलेले, बाजारातल्या जागेला भाव चढलेला. नवा मालक आला. आमच्यासाठी ते राज्यच बदलण्यासारखं. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, मालकाच्या नावावर असतो. मालक बदलला की नव्याच्या नावावर जायचं, नाहीतर गाव गाठायचं.

नव्या मालकाचा कारकून केरळचा. माझं वय बघून त्यानं मान हलवली. "चाचा, साठ के ऊपर नहीं लेगा."

"त्याला थोब शिवून हवेत की मला जावई करायचाय?" मी हिंदीत ऐकवलं. तो पोट धरून हसला. पण माझं काम काही केलं नाही.

इतकी वर्षं पासपोर्ट जुन्या मालकाच्या कपाटात होता. आता त्याच्या पोरांनी हातात दिला, तर ठेवू कुठं ते कळेना. घरातले कागद बायको सांभाळायची. ती गेल्या रमजानच्या आधी गेली. इथंच, दोह्याच्या कबरस्तानात आहे.

ती आली माझ्या इकाम्यावर. मला नुसती शिंक आली तरी म्हणायची, "तुमी मरू नका हां, मला फुकट गावाला धाडतील." झालं उलटंच. तिला आता कुणी हलवत नाही. धाडतायत मला.

फोनवर पोरगी म्हणाली, "अब्बा, या ना आता. तिथं कोण आहे तुमचं?" मी फोन ठेवून दिला.

इथं कबरीवर नाव लिहीत नाहीत. नुसते दगड. म्हणून सुट्टीला गेलो तेव्हा मी रत्नागिरीहून जांभ्या दगडाचा एक तुकडा आणून तिच्या उशाशी ठेवला होता. त्या पांढऱ्या वाळूत लांबून लाल दिसायचा. एका शुक्रवारी गेलो तर तुकडा नाही. झाडणाऱ्यानं कचरा म्हणून उचलला असेल. सगळ्या कबरी सारख्या. ही की ती, मला, तिच्या नवऱ्याला, सांगता येईना. ओळ तेवढी ठाऊक होती. मग आख्ख्या ओळीसाठी फातिहा पढलो.

आमच्या दुकानातल्या रायगडच्या कारागिराचं काम झालं, तो नव्या मालकाकडे राहिला. निघायच्या आधीच्या शुक्रवारी त्याला घेऊन गेलो.

"यातली चाची कुठली?"

"ही ओळ."

"आख्खी?"

"आख्खी. तुझ्या बापाचं काय जातंय? सगळ्यांना सलाम कर, तिला पोचेल."

त्यानं टोपी सारखी केली. "दर शुक्रवारी येईन चाचा, इन्शाल्ला."

"थापा मारू नको. शुक्रवारी तू बिर्याणी खाऊन घोरत पडतोस. महिन्यातून एकदा ये. पण ये."

तो ओळीच्या पहिल्या कबरीपासून सुरू झाला. मी मागोमाग गेलो, शेवटच्या कबरीपर्यंत.