लॅपटॉपमागचा पुठ्ठा

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघंही खूप हसलात. आजोबा स्क्रीनकडे बघत म्हणाले, "हसा. परीक्षा कशी झाली विचारा." धाकट्याला हसून हसून ठसका लागला. मोठी म्हणाली, "आजोबा, यू आर सो फनी!" मग तिने मला सांगितलं की शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिला एक यादी हवी आहे: म्हातारपणी डोकं तल्लख राहावं म्हणून आजीआजोबा रोज काय काय करतात. "क्रमांक घालून दे, आजी. तुझ्या पद्धतीने."

सोमवारी सकाळी मी यादी करायला बसले. इंग्रजीत, समास सोडून, क्रमांक घालून. चार मुद्दे झाले आणि पेन थांबलं. आजोबांनी विनोद केला नव्हता. लॅपटॉपच्या मागे मी उभी होते, माझ्या हातात पुठ्ठा होता, आणि त्यावर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, हसा, परीक्षा कशी झाली विचारा. ती माझी त्यांना सूचना होती. त्यांनी ती जशीच्या तशी वाचून दाखवली.

म्हणून हे मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत मला सगळं नीटनेटकं मांडता येतं, शाळेत तीस वर्षं तेच शिकवलं, आणि आता त्या नीटनेटकेपणाचा मला वीट आला आहे. तुम्हाला वाचायला वेळ लागेल. लागू दे. अडेल तिथे आईला विचारा. तिलाही यातलं निम्मं माहीत नाही.

त्या चार मुद्द्यांत काय होतं तेही सांगते, कारण ते खोटं नव्हतं. सकाळी सहाला भिजवलेले बदाम आणि अक्रोड. मग प्राधिकरणातल्या बागेपर्यंत फेरी, रोज वेगळ्या रस्त्याने, कारण ठरलेल्या वाटेवर पाय चालतात आणि डोकं झोपतं असं मी कुठेतरी वाचलं होतं. चालताना अडीचकीचा पाढा. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, मला अडीचकी येत नव्हती, ती साठी उलटल्यावर आजोबांनी शिकवली. समोरून येणाऱ्या गाडीच्या नंबरातल्या आकड्यांची बेरीज करायची, आणि तीही गाडी मागे जायच्या आत. आठला चहा आणि शब्दकोडं, माझं इंग्रजी, त्यांचं मराठी. संध्याकाळी भाजी आणायला तेच जात. पाच वस्तू, चिठ्ठी न घेता.

आजोबा टूलरूममधले, साचे आणि हत्यारं घडवणारे. तरुणपणी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये, नंतर चाकणच्या एका कंपनीत, तिथे शेवटची काही वर्षं तपासनीस. यंत्रावरून उतरलेला भाग मापात आहे का हे बघायला उपकरणं होती, पण कडेला राहिलेली बारीक खरखर ते अंगठ्यानेच शोधत. "गेज एखाद वेळी फसवेल, अंगठा नाही फसवत," म्हणत. ती सवय इतकी मुरली होती की लग्नाच्या पंगतीतही पानावर बसल्यावर आधी ताटाच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. माझ्या माहेरच्या माणसांसमोर मला लाज वाटायची.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कंपनीची शिस्त घरी आणली. प्रत्येक वस्तूला जागा ठरलेली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांनी एक पिवळा बोर्ड लावला आणि त्यावर लाल रंगाने वस्तूंच्या बाह्याकृती काढल्या: सांडशी, लाटणं, किसणी, कात्री, विजेरी, किल्ल्या. वस्तू त्या त्या आकृतीवर टांगायची. एखादी जागेवर नसली तर नुसता लाल आकार दिसे, आणि काय हरवलंय ते लगेच कळे. कंपनीत हत्यारं अशीच टांगतात. मला हे फार आवडलं. माझ्या स्वभावाला शोभेलसं काहीतरी त्यांनी लग्नानंतर चाळीस वर्षांनी केलं होतं.

आमच्या कोपऱ्यावर एक भाजीवाली मावशी बसते. तळवड्याच्या जुन्या शेतकरी घरातली. जमिनीचा बराचसा भाग कारखान्यांत गेला, उरलेल्या तुकड्यातली मेथी-कोथिंबीर ती आणून विकते. एकदा पाणी प्यायला आत आली आणि बोर्डाकडे बघतच राहिली.

"बाई, ह्ये घर हाय का कंपनी? आता सायबांची बी आकृती काढा भितीवर. कुठं गेले तर लगीच कळंल."

आम्ही तिघंही हसलो. सगळ्यात जास्त आजोबा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी घराचं रंगकाम काढलं. रंगाऱ्यांनी बोर्ड उतरवून गॅलरीत ठेवला आणि सगळ्या वस्तू एका टबात घातल्या. दुपारी चहाचं पातेलं उतरवायचं होतं. मी म्हटलं, "अहो, सांडशी द्या."

ते टबापाशी वाकले. सांडशी हातात घेतली, दोनदा उघडमीट केली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि परत टबात ठेवली.

"सांडशी नाहीये यात."

"आत्ता तुमच्या हातात होती की!"

"ही?" त्यांनी ती पुन्हा उचलली. "हिचं काय करतात?"

मी हसले. मग त्यांचा चेहरा पाहिला. चहा उतू गेला.

त्या दिवशी मला कळलं की वस्तू आठवायचं काम तो बोर्ड करत होता. आजोबा फक्त आकाराला आकार जुळवत होते. किती दिवसांपासून, मला ठाऊक नाही. घरात काही हरवत नव्हतं, म्हणून त्यांचं काय हरवतंय ते मला दिसलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते मी तुमच्या आईलाही सांगितलेलं नाही.

डॉक्टरांची वेळ आठ दिवसांनंतरची मिळाली. तिथे काय विचारतात ते शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंकडून मला कळलं होतं. वार, तारीख, महिना. शंभरातून सात वजा करत जा. तीन शब्द लक्षात ठेवा आणि थोड्या वेळाने सांगा. मी त्या आठ दिवसांत आजोबांची तयारी करून घेतली. दहावीच्या कच्च्या मुलाची करून घेते तशी. सकाळच्या फेरीत अडीचकी बंद, शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर सुरू. ते वजाबाकी करत नव्हते, पाठ म्हणत होते, आणि हा फरक मला नक्की कळत होता. दवाखान्यात जाताना रिक्षातही माझं चालूच. "आज वार कोणता? महिना?"

रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, "काय मॅडम, काकांचा इंटरव्ह्यू आहे का?"

"हो ना," आजोबा म्हणाले. "परमनंट व्हायचंय."

तेवढं ते अजून होते, बघा. असं उत्तर अजून कुठून तरी येत होतं.

ते पास झाले. "वयाच्या मानाने उत्तम," असं डॉक्टर म्हणाले. घरी येताना मी पेढे घेतले. तीस वर्षांत कॉपी करणाऱ्या किती मुलांना मी वर्गाबाहेर उभं केलं असेल, आणि हा पेपर मी स्वतः फोडला. का, तर आपल्या घरात हे होऊच शकत नाही. आपण बदाम खातो, रोज वेगळ्या रस्त्याने चालतो, शब्दकोडं सोडवतो. हे ज्यांना होतं ते लोक वेगळे, दिवसभर टीव्हीसमोर बसणारे. खरंच असं वाटत होतं मला.

पुढचं वर्षभर मी ते यश राखत बसले. त्यांच्या शब्दकोड्यात आधीच फिक्या पेन्सिलीने अक्षरं भरून ठेवायची, त्यांनी वरून पेन फिरवायचं. पाच वस्तूंची चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात घालायची. एका संध्याकाळी मावशी टोपली घेऊन दारापर्यंत आली.

"बाई, रागावू नका. सायेब आज तिसऱ्यांदा आल्ते कोथिंबिरीला."

"पाहुणे यायचेत आमच्याकडे," मी म्हटलं.

"न्हाई, पाव्हणे न्हाईत." तिने टोपली खाली ठेवली. "ती चिठ्ठी तुमीच लिवता न्हवं? सायेब मोठ्यानं वाचत्यात, कोथिंबीर, मिरची, आलं. आन मंग मलाच इचारत्यात, ह्ये कुनाला पायजे? म्या सांगते, तुमच्या बाईंना. तवा घेत्यात."

मी वाकून तिच्या टोपलीतल्या जुड्या सारख्या करू लागले.

"डाक्टरला दावा."

"दाखवलं. पास झाले."

"कोन पास झालं?" ती म्हणाली, आणि टोपली उचलून गेली.

दुसऱ्या वेळी गेलो तेव्हाही मी थोडी तयारी करून घेतली होतीच. सवय जात नाही. पण डॉक्टरांनी काही न विचारता त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, घड्याळ काढा. आजोबांनी हात टेकवला आणि एका दमात वर्तुळ काढलं. टूलरूमचा हात. "इतकं गोल वर्तुळ मी पेशंटकडून पाहिलं नाही," डॉक्टर म्हणाले. आत आकडे घालायला सांगितलं. आजोबा बराच वेळ त्या वर्तुळाकडे बघत राहिले. मग त्याच्या रेघेवरून अंगठा फिरवला आणि पेन अदबीने परत दिलं. आत एकही आकडा नव्हता.

"मागच्या वेळी तर सगळं अचूक सांगितलं होतं त्यांनी," डॉक्टर जुना कागद बघत म्हणाले.

मग मी सांगितलं. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, सगळं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि म्हणाले, "वर्षापूर्वी औषध सुरू झालं असतं तर थोडा वेळ मिळाला असता. बरे झाले नसते. पण थोडा वेळ." थोडा म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

इतकं झाल्यावर मी थांबायला हवं होतं. तरीही रविवारचे पुठ्ठे सुरूच राहिले. बुटांच्या खोक्यांची झाकणं कापून मी ते केले होते, चौदा होते. "तिकडे थंडी आहे का?" "आईला त्रास देऊ नका." "वाढदिवसाच्या शुभेच्छा." धाकट्या, तुझा वाढदिवस आजोबांच्या बरोबर लक्षात राहिला म्हणून तू किती खूश झाला होतास, बाळा. तो माझ्या लक्षात होता. गेल्या वर्षभरात आजोबांनी तुम्हाला जे जे विचारलं ते मी विचारलं आहे. तुमचे आजोबा वर्षभर तुमच्याशी बोललेलेच नाहीत. तुम्हाला ते धडधाकट दिसावेत म्हणून हे केलं, असं मी स्वतःला सांगत होते. पण तुम्ही कॉल संपवताना "आजोबा किती शार्प आहेत" म्हणायचात, आणि ते शब्द ऐकायला मी आठवडाभर थांबलेली असायचे.

ते मला "अगं" म्हणायचे. आता "मॅडम" म्हणतात. "मॅडम, चहा मिळेल का?" कंपनीत मोठ्या साहेबांशी बोलत तसे, मर्यादेने. बोर्ड पुन्हा भिंतीवर लागला आहे. काही सकाळी ते त्याच्यासमोर उभे राहून एकेका आकृतीवर बोट ठेवतात आणि पुढे सरकतात.

मोठीला प्रोजेक्टसाठी यादी द्यायला हवी. बदाम, फेरी, पाढे, बेरजा, कोडं, हे सगळं लिही. डॉक्टर म्हणतात, कदाचित या सवयींनीच त्यांना चार वर्षं जास्त उभं ठेवलं असेल. कदाचित. दुसरा आजोबा घेऊन, त्याला बदाम न देता, ताडून बघता येत नाही. आमच्या मावशीला अक्षरओळख नाही, पण आमच्या इमारतीतल्या चाळीस घरांत कोणाला मेथी चालते आणि कोणाला शेपूचा वास सोसत नाही, हे तिला तोंडपाठ आहे. हेही लिही, तुझ्या शाळेतल्या बाई लिहू देत असतील तर. आणि दुसऱ्याला उत्तर पुरवणं ही डोकं तल्लख ठेवणारी सवय नव्हे, हे मात्र यादीत नसलं तरी लक्षात ठेव.

मी अजून आठला शब्दकोडं सोडवते. त्याने काही होईल असं आता वाटत नाही. आठ वाजतात, म्हणून सोडवते. मधे एकदा एक साधा चार अक्षरी शब्द सुचेना, तर घाम फुटला. त्यांचं कोडं त्यांच्यापुढे कोरं ठेवते. ते कोरंच राहतं.

येत्या रविवारी पुठ्ठा नसेल. चौदाही मी कालच रद्दीत घातले. आजोबा कदाचित तुम्हाला काही विचारणार नाहीत, कदाचित मधेच उठून जातील, कदाचित तुम्हाला "साहेब" म्हणतील. मी लॅपटॉपच्या मागे नसेन, त्यांच्या शेजारी बसेन. तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या, मला काही वाटणार नाही.

जेवायला आम्ही अजून समोरासमोर बसतो. दोन्ही ताटं आधी त्यांच्यापुढे असतात. ते माझं ताट उचलतात, कडेवरून अंगठा सबंध फिरवतात, कुठे खरखर नाही याची खात्री करतात आणि मगच ते माझ्यापुढे ठेवतात. एवढं शिल्लक आहे.